गच्चीची किल्ली आधी, रिग नंतर

अगं, तुझा मेसेज वाचला. पैसे मंजूर झाले, लॅबशेजारची अडगळीची खोली मिळाली, आणि आता ग्रुपवर रात्र रात्र एकच वाद पेटलाय, रिग कुठली घ्यायची. मुलांनी म्हणे तक्तासुद्धा केलाय, कुणाचा स्क्रीन मोठा आणि कुणावर वॉटरफॉल छान दिसतो. करू देत. तू त्यात पडू नकोस. तुला हॅम रेडिओ क्लबची सेक्रेटरी केलंय, तर ताई म्हणून एकच गोष्ट सांगते आणि मग तिलाच फाटे फोडत बसते. कॉलेजच्या स्टेशनवर रिग ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू. मंजूर रकमेतले निम्मे पैसे गच्चीवर जायला हवेत, म्हणजे तार, केबल, खांब आणि अर्थिंग. उरलेल्यात रिग आणि पॉवर सप्लाय. शंभर वॉटची धडधाकट सेकंडहँड रिग नीट टांगलेल्या तारेवर जे काम करेल, ते लाखाची कोरी रिग खिडकीतून लोंबकळणाऱ्या वायरवर करणार नाही. पण स्पॉन्सरला आणि प्रिन्सिपॉलना दाखवायला टेबल लागतं, म्हणून सगळे पैसे टेबलावर जातात. हे मी तीन-चार कॉलेजांत पाहिलंय.

गच्चीच्याही आधी कागद. क्लबचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, आणि ते सांभाळायला स्वतःचं लायसन्स असलेलं माणूस लागतं. परीक्षेला एएसओसी म्हणतात. वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच, म्हणजे तुम्ही शाळेतच बसू शकला असतात. दोन प्रकार आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं मोर्स घेता आणि पाठवता यावं लागतं, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. रिस्ट्रिक्टेडची कॉलसाइन व्हीयू३ नं सुरू होते, जनरलची व्हीयू२ नं, आणि पॉवरची मर्यादाही जनरलला बरीच जास्त. अर्ज सरलसंचार पोर्टलवरून जातो. परीक्षा आणि हातात लायसन्स यांच्यामध्ये बराच काळ जातो, म्हणून फर्स्ट इयरच्या पोरांना दिवाळीच्या आत फॉर्म भरायला लाव. थर्ड इयरला लायसन्स आलं तर त्याचा क्लबला उपयोग काय? तो मुलगा तोवर प्लेसमेंटच्या मागे.

आणि एक. लायसन्स नसताना ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून वॉकीटॉकी मागवणारा एक तरी हिरो प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला आत्ताच समज दे. शॅकमध्ये, म्हणजे स्टेशनच्या खोलीत, लायसन्स नसलेल्यांनी वाटेल तितकं ऐकावं, लॉग लिहावा, अँटेना ओढावी. बोलायचं पीटीटी बटण मात्र लायसन्सवाल्याच्याच हातात.

जमलं तर तुमच्या लॅब असिस्टंट काकांना परीक्षेला बसव. हसू नकोस, खरंच सांगते. सर पीएचडीला जातात, सरांची बदली होते, तुम्ही चार वर्षांत उडून जाता. काका तिथेच असतात. शिवाय ते तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं सोल्डरिंग करतात, आणि स्टोअरची किल्ली त्यांच्याकडे असते.

आता गच्ची. इस्टेट विभागाला पत्र देशील तेव्हा त्यात अँटेनाच्या थिअरीचं पान जोडू नकोस, कुणी वाचत नाही. त्यांना रेडिएशनची भीती नसते, गळतीची असते. ‘गच्चीच्या स्लॅबला कुठेही ड्रिल मारणार नाही, खांब पाण्याच्या टाकीच्या कठड्याला क्लॅम्पनं बांधू’ एवढं एक वाक्य ठळक लिही. परवानगी आठवड्यात येते. आणि किल्ली. वॉचमनकडे किल्ली आहे असं म्हणणं म्हणजे किल्ली नसणंच. दुसरी किल्ली क्लबच्या नावानं लेखी घे, आणि त्यात मुलींच्या नावांचाही स्पष्ट उल्लेख करून घे. नाहीतर संध्याकाळी सहानंतर ‘मुलींनी गच्चीवर जायचं नाही’ हा अलिखित नियम अचानक उगवतो, आणि मग अँटेना चढवायची कामं मुलं करतात, लॉग लिहायचं काम तुमच्याकडे येतं. हे पहिल्याच महिन्यात मोडून काढ. नंतर मोडत नाही.

पहिली अँटेना साधा डायपोल. यागी-बिगी नंतर. चाळीस मीटरचा बँड घे. आपल्याकडे तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. सूत्र सोपं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक हात दहा मीटरचा. इलेक्ट्रिकच्या दुकानात घरातल्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची फ्लेक्सिबल वायर मिळते, ती चालते. महागडी अँटेना-वायर नको. टोकांचे इन्सुलेटर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांचे कर. मधोमध वन-इज-टू-वन बॅलन. मध्य टाकीच्या सगळ्यात उंच कोपऱ्याला, दोन्ही हात उतरते, म्हणजे एकच उंच खांब लागतो. टोकं डोक्यापेक्षा बरीच वर राहू देत, निदान तीन मीटर. ट्रान्समिट करताना टोकांवर व्होल्टेज जास्त असतं, आणि गच्चीवर अभ्यास करत फिरणारं कुणी ना कुणी असतंच. खांबाला पुली लाव. दर वेळी टाकीवर चढायचं असेल तर अँटेना कुणीही दुरुस्त करणार नाही.

तार आधी मुद्दाम लांब ठेव, २१ मीटर. मग नॅनोव्हीएनए लाव. अँटेना मोजायचं छोटं यंत्र आहे, स्वस्त आहे, आणि खर्चाच्या यादीत ते रिगच्याही वर लिही. समज, रेझोनन्स ६.८२ वर दिसला. २१ गुणिले ६.८२ भागिले ७.१०, उत्तर २०.१७. म्हणजे एकूण ८३ सेंटिमीटर कमी करायचे, प्रत्येक टोकाला ४१. आता कात्री बाजूला ठेव. कापायचं नाही. टोक इन्सुलेटरमधून मागे वळवून तारेवरच घट्ट गुंडाळायचं आणि पुन्हा मोजायचं. स्लॅबमधल्या सळ्या, शेजारची टाकी, ओली गच्ची, सगळं त्या आकड्यावर परिणाम करतं. पावसाळ्यात आकडा थोडा खाली सरकतो. गुंडाळलेली तार सोडता येते, कापलेली परत जोडायची म्हणजे डोकेदुखी. एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, दीडच्या आत आला की खाली उतर. एकच्या मागे लागू नकोस, त्यात फक्त रविवार जातो.

चाळीस मीटरसाठी उंची आदर्श नसेल याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अर्धी तरंगलांबी म्हणजे वीस मीटर, कॉलेजची इमारत तेवढी नसते. कमी उंचीवर सिग्नल जवळपास सरळ वर जातो आणि आयनांबरावरून परत पाच-सहाशे किलोमीटरच्या टापूत उतरतो. म्हणजे दिवसा नागपूर, गोवा, हैदराबाद छान. सकाळी या बँडवर देशभरातल्या हॅम्सची नेट्स भरतात, तिथे हेच तर हवं असतं. समोरचा मराठी निघाला की खुशाल मराठीत बोला. हीच तार २१ मेगाहर्ट्झवरही ट्यूनरच्या मदतीनं बऱ्यापैकी चालते, कारण ते जवळजवळ तिप्पट आहे. एका तारेत दोन बँड. युरोप, जपान ऐकायचं असेल तर तिथे बघ.

केबलवर मात्र कंजुषी करू नकोस. हिशेब डोळ्यांसमोर ठेव. तीस मीटर आरजी-५८ मध्ये ७ मेगाहर्ट्झवर एक डेसिबलच्या आसपास जातो, तो परवडतो. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर सहा डेसिबलच्या घरात खाते, म्हणजे चारातले तीन हिस्से पॉवर केबलमध्येच गरम होऊन संपते. दहा वॉट घातले तर वर पोचले अडीच. आरजी-२१३ घेतलीस तर निम्मे तरी पोचतात. शॅक तळमजल्यावर आणि अँटेना पाचव्या मजल्यावर असेल तर खोलीच बदलून माग. वरची जिन्याजवळची कोंदट खोली खालच्या एसीच्या खोलीपेक्षा चांगली. मुलं कुरकुरतील. कुरकुरू देत.

आणि आपला पाऊस. पीएल-२५९ कनेक्टरमधून एकदा पाणी शिरलं की ते केबलच्या विणलेल्या जाळीत चढत जातं, वातीत तेल चढावं तसं. बाहेरून काही दिसत नाही. जुलैत एसडब्ल्यूआर वेडावाकडा नाचायला लागतो आणि सगळे रिगला दोष देतात. कनेक्टरवर आधी साधी इन्सुलेशन टेप, तिच्यावर स्वतःला चिकटणारी रबराची टेप खेचून, खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे पाणी घड्यांवरून निसटतं. वर पुन्हा एक साधी टेप, उन्हासाठी. आणि केबल खोलीत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ दे, थेंब तिथून गळू देत. एवढं केलंस तर दोन पावसाळे निघतात. नायलॉनची दोरी मात्र उन्हानं खराब होते, ती आणूच नकोस. जानेवारीत संक्रांतीनंतर एकदा गच्चीवर जाऊन तारेत अडकलेले पतंग आणि मांजा काढ. गंमत नाही, मांजानं बॅलनची वायर तुटलेली मी पाहिली आहे.

वळवाच्या विजांबद्दल वेगळं सांगते, कारण यात चूक परवडत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून आलं की केबल रिगमधून काढायची, आणि काढलेलं टोक खोलीत टेबलावर लोळवायचं नाही. खिडकीबाहेर अर्थला जोडलेल्या पट्टीवर बसवायचं. रोज खोली बंद करतानाही हेच. दारावर कागद चिकटव: ‘केबल काढली का?’ अर्थिंग लॅबच्या सॉकेटमधलं धरू नकोस, खांबासाठी वेगळा खड्डा करून घे. तो मात्र कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनकडून इमारतीच्या अर्थशी जोडून घे. दोन वेगवेगळे अर्थ सुटे ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यामधलं व्होल्टेज तुमच्या रिगमधून वाट काढतं.

रिग लावलीत, हेडफोन घातले, आणि सगळीकडे नुसती घरघर. हे होणारच. कॉलेज म्हणजे एलईडी ट्यूब, स्वस्त चार्जर, सीसीटीव्हीचे अडॅप्टर आणि लिफ्ट. मीटर एस-नऊवर चिकटलेला आणि कुणीच ऐकू येत नाही. रडत बसू नकोस. बॅटरीवर चालणारा एक रेडिओ घेऊन रविवारी कॉरिडॉरमध्ये फिर, आवाज कुठे वाढतो ते बघ. मग इलेक्ट्रिशियन मामांना चहा पाजून मजल्यामजल्याचा मेन एक एक बंद करायला सांग. गुन्हेगार बहुतेक वेळा एखादा दीडशे रुपयांचा अडॅप्टर निघतो. तो बदल, किंवा त्याच्या वायरवर फेराइट चढव. तुमचा स्वतःचा एसएमपीएसही तपास. शंभर वॉटच्या रिगला १३.८ व्होल्टवर वीस-बावीस अँपिअर लागतात, तेवढे देणारे स्वस्त सप्लाय स्वतःच मोठे गोंगाट करणारे असतात. जुना, जड ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर सप्लाय कुठे मिळाला तर उचलून आण, पाठ मोडली तरी.

आता माईक. तू पहिल्यांदा सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, देशील तेव्हा घशाला कोरड पडेल. सगळ्यांना पडते. माईकखाली कागद चिकटव: आपली कॉलसाइन फोनेटिक्समध्ये, नाव, गाव, समोरच्याला द्यायचा रिपोर्ट. बाकी आपोआप येतं. मुलीचा आवाज ऐकला की बँडवर एकदम गर्दी होते, चार जण एकाच वेळी हाक मारतात. बहुतेक मंडळी सभ्य असतात, वडीलधारी, कौतुकानं बोलणारी. एखादा लघळ निघालाच तर ‘७३’, म्हणजे निरोपाचा नमस्कार, म्हणून संभाषण संपवायचं आणि फ्रिक्वेन्सी बदलायची. वाद घालायचा नाही, पूर्ण नाव-पत्ता हवेत सांगायचा नाही. कॉलेजचं नाव पुरे.

तुला भारती प्रसाद माहीत आहेत का? हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओच्या. २००४ च्या डिसेंबरात त्यांच्या टीमनं अंदमानात स्टेशन लावलं होतं. अंदमानातून हॅम रेडिओ वर्षानुवर्षं बंद होता, त्यामुळे जगभरचे लोक व्हीयू४आरबीआय या कॉलसाइनला भेटायला टपून बसले होते. २६ डिसेंबरला सुनामी आली, फोन गेले. पोर्ट ब्लेअरमधलं ते छंदाचं स्टेशन एका दिवसात निरोपांचं स्टेशन झालं, अमका सुखरूप आहे, तमक्याच्या घरच्यांना सांगा. मला त्या हकिगतीतलं शौर्य तर भावतंच, पण त्याहून जास्त एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. अँटेना आधीच वर होती, आणि चालवणाऱ्यांना बँड कधी उघडतो हे रोजच्या सवयीनं ठाऊक होतं. आपत्ती व्यवस्थापनाचा बोर्ड लावून वर्षभर कुलूपबंद असलेलं स्टेशन त्या दिवशी काही कामाचं नसतं. म्हणून आठवड्यातला एक वार ठरव, आणि काहीही झालं तरी त्या वारी शॅक उघड. परीक्षा असली तरी अर्धा तास.

लायसन्स येईपर्यंत पोरं कंटाळतात, पांगतात, हा मोठा धोका. त्यांना ऐकायला लाव. होस्टेलच्या गच्चीवर कुणीतरी टाकून दिलेली डीटीएचची थाळी असेलच. ती पुण्याहून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ३२ अंशांवर वळवली की २०१८ मध्ये सोडलेला कतारचा एस्हेल-२ दिसतो. त्याच्यावर हॅम लोकांसाठी ट्रान्सपाँडर आहे, क्यूओ-१०० म्हणतात. भूस्थिर, म्हणजे पाठलाग नाही. त्याचा आवाज १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या पुढे येतो. ९७५० चा लोकल ऑसिलेटर असलेला युनिव्हर्सल एलएनबी लावला की तो ७४० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरतो, आणि तिथे आरटीएल-एसडीआरचा डोंगल ऐकतो. ऊन तापलं की एलएनबी भरकटतो, ते सावरायलाही पोरांना मजा येते. एका शनिवारी ब्राझीलचा माणूस जर्मनशी बोलताना ऐकला की फर्स्ट इयर क्लब सोडत नाही. अंतराळ स्थानक १४५.८०० वर ऐकू येतं, तेही दाखव.

पुढे तुमची रिग आली की स्वतःचा सिग्नल तपासायला नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाच्या क्लबनं इंटरनेटवर ठेवलेला रिसीव्हर वापर. इथे चौदा मेगाहर्ट्झवर बोलायचं आणि तिथे आपलाच आवाज ऐकायचा. विद्यापीठाच्या क्लबनं जगाला काय द्यावं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

एफटी८ या डिजिटल पद्धतीबद्दल मुलं म्हणतील ‘हे काय, कॉम्प्युटरच बोलतो’. पंधरा-पंधरा सेकंदांचे डाव, कॉम्प्युटरचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं, आणि कानाला ऐकूही येत नाही असा सिग्नल वाचला जातो. ते लिहिणाऱ्यांपैकी एक जो टेलर. दोन एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांमधला पल्सार शोधल्याबद्दल १९९३ चं नोबेल मिळालेला माणूस. गोंगाटातून क्षीण सिग्नल उपसायची तीच विद्या, जी आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर चालते. हे सांग, मग बघ सिग्नल प्रोसेसिंगचे सर स्वतः शॅकमध्ये येतात की नाही. आणि पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी बनवलेला किलोभराचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीनं वर गेला, हॅम बँडवरून निरोप पोचवायलाच. प्रिन्सिपॉलसमोर पुढचं बजेट मांडताना हे उदाहरण काढ, ते परदेशातल्या दहा उदाहरणांना भारी पडतं.

लॉग कागदी वहीत ठेव, कॉम्प्युटरवर असला तरी. वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. भिंतीवर यूटीसी लावलेलं वेगळं घड्याळ टांग, नाहीतर रोज कुणीतरी चुकतं. वहीच्या मागच्या पानांवर गच्चीचा नकाशा, कुठली केबल कुठे जाते, कुठल्या महिन्यात एसडब्ल्यूआर किती होता, सगळं. पुढच्या सेक्रेटरीला सेकंड इयरमध्येच निवड आणि एक वर्ष शेजारी बसव. रिग, सप्लाय, नॅनोव्हीएनए, सगळ्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला क्लबच्या नावानं होऊ दे, डिपार्टमेंटच्या नव्हे. डिपार्टमेंटच्या नावावर गेलेली रिग एका इन्स्पेक्शननंतर काचेच्या कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली हरवते.

बिल जीएसटीसकट, कॉलेजच्या नावाचं. सेकंडहँड रिगचं बिल कसं लावायचं ते अकाउंट्सच्या मॅडमना आधीच विचार, खरेदीनंतर नाही. आणि मला फोन कर, पण सकाळी सात ते आठ नको, तेव्हा मी चाळीस मीटरवर असते. लायसन्स आलं की तिथेच हाक मार.